मला सोडून देणारा डॉक्टर नको, तपासणारा हवा

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मित्रांनो, आणि मागं दाराशी बसलेल्या आयाबहिणींनो, पुढं या, जागा आहे.

मला निरोप आला की अर्धा तास बोल, विषय 'माझी जिद्द'. मी म्हटलं, हा विषय मला नको. जिद्दीवर बोललं की हार पडतो, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी हारवाला त्याच रांगेत जाऊन उभा राहतो. मी आज त्या रांगेविषयी बोलणार आहे. विमान चालवायचं तर आधी डॉक्टरच्या दारात रांग लावावी लागते. त्या रांगेत मला तीन माणसं भेटली. दोन डॉक्टर आणि एक दलाल. तिघांचीही नावं घेणार नाही. नाव घेतलं की भांडण त्या माणसाशी होतं आणि व्यवस्था मागच्या दारानं निसटते.

आधी ओळख. मी जरीमरीत वाढलो. मुंबई विमानतळाच्या कुंपणाला लागून आमची वस्ती. पत्र्यावरनं विमान गेलं की बोलणारा माणूस मध्येच थांबायचा, विमान गेलं की पुढचं वाक्य बोलायचा. आम्हाला सगळ्यांना तशी सवयच लागलेली. माझे अण्णा ठेकेदाराकडं लोडर होते. विमानाच्या पोटात दुसऱ्यांच्या बॅगा भरता भरता त्यांची कंबर गेली. विमानात ते एकदाही बसले नाहीत.

दुसरी ओळख. जन्माच्या दाखल्यावर मला मुलगी लिहिलंय. मी पुरुष आहे. याला ट्रान्स पुरुष म्हणतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतो. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं, कारण पुढं हिशेबाच्या गोष्टी आहेत आणि हसायला फुरसत मिळणार नाही.

वैमानिकाचं मेडिकल म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. शिकाऊ लायसन्ससाठी क्लास टू मेडिकल लागतं. पगारी वैमानिक व्हायचं तर क्लास वन. डीजीसीए म्हणजे विमान खात्यानं मान्यता दिलेल्या डॉक्टरांची यादी असते. त्यातला एक आपण निवडायचा, त्याच्याकडं तपासून घ्यायचं. क्लास वन पहिल्यांदा ठरलेल्या मोठ्या केंद्रांवरच होतं, जसं बंगलोरचं हवाईदलाचं केंद्र. डॉक्टर अहवाल पाठवतो, शेवटचा शिक्का दिल्लीचा. आणि हे एकदा करून सुटत नाही. क्लास वन साधारण दर वर्षी पुन्हा. म्हणजे वैमानिकाचं पोट दर वर्षी एका डॉक्टरच्या पेनाला टांगलेलं असतं. सगळ्याच वैमानिकांचं असतं. पण आमच्यासारख्यांच्या बाबतीत पेन कागदाला टेकायच्या आधीच थांबतं.

माझ्या आधी ज्याचं पेन थांबलं त्याची गोष्ट तुम्ही पेपरात वाचली असेल. केरळचा अॅडम हॅरी. ट्रान्स पुरुष. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला शिकून त्यानं खासगी वैमानिकाचं लायसन्स मिळवलं होतं. घरच्यांना तो ट्रान्स आहे हे सोसलं नाही. घर सुटलं, ज्यूसच्या दुकानात काम केलं. २०१९ साली केरळ सरकारनं त्याच्या कमर्शियल लायसन्सच्या शिक्षणासाठी २३ लाखांहून जास्त रक्कम मंजूर केली. तिरुवनंतपुरमच्या अकादमीत जागा मिळाली. पैसा आला, जागा आली. मग आलं मेडिकल. २०२० साली त्याला तात्पुरता अयोग्य ठरवलं. हार्मोनची औषधं चालू आहेत, ती बंद कर.

जरा विचार करा. ज्या औषधानं माणूस स्वतःच्या अंगात नीट राहायला लागतो तेच सोड, म्हणजे तू योग्य. पायातलं जोडं काढ मग देवळात ये, हे आपण ऐकलेलं आहे. इथं म्हणतात पायच काढून ये.

अॅडमनं लढा सोडला नाही. २०२२ साली तो घरोघर जेवणाचे डबे पोचवायचं काम करत होता, तेव्हा ही गोष्ट देशभर झाली. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयालाही विमान खात्याला पत्र लिहावं लागलं. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये डीजीसीएनं ट्रान्स वैमानिकांच्या तपासणीची मार्गदर्शक सूत्रं काढली. आज मी इथं उभा आहे तो त्या डबे पोचवणाऱ्या माणसामुळं. हे मी विसरत नाही, तुम्हीही विसरू नका.

आता ती सूत्रं काय म्हणतात? थोडक्यात सांगतो. फक्त ट्रान्स आहे म्हणून कोणी अयोग्य ठरत नाही. माणूस काम करू शकतो का आणि हवेत अचानक कोसळण्याचा धोका किती, हे बघायचं. हार्मोन किंवा शस्त्रक्रिया होऊन पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल तर मानसिक आरोग्याची चाळणी पार केली की योग्य. पाच वर्षांच्या आतलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी, आणि हार्मोन देणाऱ्या डॉक्टरचा सविस्तर अहवाल: औषध कोणतं, डोस किती, किती दिवसांनी, कधी बदलला, रक्तातलं प्रमाण काय, त्रास काय होतो. गेल्या वर्षभरात शस्त्रक्रिया झाली असेल तर सर्जनचा अहवाल. हार्मोन नव्यानं सुरू केलं असेल तर डोस स्थिर होईपर्यंत किमान तीन महिने अयोग्य.

हे आदर्श आहे असं मी म्हणत नाही. मानसोपचाराच्या दारातनं आम्हालाच का न्यायचं, हा प्रश्न आहेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली मंजूर केलेल्या आजारांच्या नव्या यादीत आमचं असणं मानसिक विकारांच्या प्रकरणातनं बाहेर काढलेलं आहे. ती यादी २०२२ पासून लागू झाली. पण तरी कागद आला. आधी कागदच नव्हता. कागद आला म्हणजे भांडायला जमीन आली.

आता माझी गोष्ट. २०२३. फ्लाइंग स्कूलचा पहिला हप्ता भरला होता. तो पैसा कुठला? मामानं गावाकडची दीड एकर गहाण टाकली, उरलेलं बँकेचं कर्ज. म्हणजे माझं मेडिकल जितके दिवस लटकेल तितके दिवस मामाच्या जमिनीवर व्याज चढणार. हे डोक्यात ठेवून पुढचं ऐका.

यादीतला घराजवळचा डॉक्टर निवडला. जवळचा म्हणून निवडला, ही माझी पहिली चूक. आई बरोबर होती. आत गेलो. त्यानं फॉर्म बघितला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा फॉर्म बघितला. म्हणाला, "तू नक्की आहेस काय?" मी सांगितलं. त्यानं घंटी दाबून कंपाउंडरला बोलावलं. मग रिसेप्शनवरच्या पोराला बोलावलं. मग म्हणाला, "कपडे काढ."

माणसं दारात उभी. मी विचारलं, कशासाठी? म्हणाला, "मेडिकल द्यायचंय ना?"

मित्रांनो, मी काढले. इथं उभं राहून मी शूर असल्याचं सोंग आणणार नाही. मामाची दीड एकर डोळ्यासमोर होती. काढले.

आणि पुढचं ऐका. त्या डॉक्टरनं मला हात लावला नाही. छातीला नळी लावली नाही. पोट दाबून बघितलं नाही. रक्तदाब कंपाउंडरनं घेतला. डोळ्यांनी सगळं बघितलं आणि बोटानं काहीच तपासलं नाही. माझ्या आजीला गावात पाणी वरनं ओतायचे, ते ती सांगायची. मला वाटायचं ते तिच्याबरोबर संपलं. त्या दिवशी कळलं, ते फक्त पांढरा कोट घालून बसलंय.

मग रक्ताचा रिपोर्ट. लॅबच्या पावतीवर जुन्या कागदावरनं 'स्त्री' छापलेलं. हिमोग्लोबिन १६. बाईचं प्रमाण साधारण १२ ते १५, म्हणून मशीननं आकड्यापुढं तारा छापला. तारा म्हणजे गडबड. आता टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचं रक्त पुरुषाच्या प्रमाणाशी ताडायचं असतं, आणि पुरुषाला १६ म्हणजे ठणठणीत. ज्या डॉक्टरला हे ठाऊक नाही त्यानं ते शोधायला हवं. त्यानं शोधलं नाही. ताऱ्यावर पेन टेकवलं आणि अहवालात लिहिलं, तात्पुरता अयोग्य. मी २०२२ च्या सूत्रांचं नाव काढलं. म्हणाला, "ते केरळचं. मला शिकवू नकोस."

बाहेर आई बाकावर बसली होती. तिनं काही विचारलं नाही. माझ्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात होतं, ते तिनं काढून नीट लावलं.

आता दलाल. असल्या दारांबाहेर हा माणूस असतोच. चहाच्या टपरीवर भेटला. म्हणाला, भाऊ, तू खरं लिहिलंस तिथंच फसलास. औषध घेतोस हे लिहायचंच नाही. दुसरा डॉक्टर आहे आपला, त्याच्याकडं जाऊ, वीस हजार होतील. इंजेक्शन दोन महिने बंद ठेव, रक्त खाली येईल, कॉलम कोरा सोड. मेडिकल मिळालं की परत सुरू कर. कोण बघतंय?

चार रात्री मी झोपलो नाही. नाही म्हणायला मी काही हरिश्चंद्र नाही. वीस हजार व्याजाहून स्वस्त होते. आणि मला तिसऱ्यांदा कुणापुढं कपडे काढायचे नव्हते. मग मी का गेलो नाही? दोन कारणं.

एक कारण साधं. मेडिकलच्या फॉर्मवर खोटं लिहिलं आणि ते उघड झालं तर लायसन्स जातं. आमचं उघड व्हायला वेळ लागत नाही. दर वर्षी तपासणी, दर वर्षी रक्त. म्हणजे वीस हजार एकदा नाही, जन्मभर. दलालाच्या हातात माझी मानगूट कायमची.

दुसरं कारण मला वाचनातनं सापडलं. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्ज कंपनीचं विमान सहवैमानिकानं फ्रान्समधल्या आल्प्सच्या डोंगरावर घातलं. मुद्दाम. १५० माणसं गेली. तपासात निघालं की डॉक्टरांनी त्याला कामाला अयोग्य ठरवलेलं होतं, आणि त्यानं त्या चिठ्ठ्या कंपनीपासून लपवल्या होत्या. ही गोष्ट आमच्या तोंडावर फेकली जाते: बघा, म्हणून डोकं तपासायला पाहिजे. मी म्हणतो, जरूर तपासा. पण या गोष्टीतला धडा पुरा वाचा. तो माणूस लपवत होता. वैमानिक लपवतो कधी? खरं सांगितलं की पोट जातं, असं त्याला कळतं तेव्हा. अमेरिकेतही हाच प्रश्न निघाला. तिथं डॉक्टरपुढं तीन वाटा असतात: मंजूर कर, नाकार, नाहीतर निर्णय वर पाठव. वर गेलेली फाइल महिनोन्महिने परत येत नाही, तोवर माणूस जमिनीवर. म्हणून तिथले वैमानिक डॉक्टरकडं जायचंच टाळतात. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या विमान खात्यानं नेमलेल्या समितीनं २४ शिफारशी केल्या. त्यांचा रोख हाच: खरं सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही अशी वाट करा.

तेव्हा दलाल विकत होता ती चीज मला ओळखू आली. तो मला मेडिकल विकत नव्हता. पहिल्या डॉक्टरनं निर्माण केलेली भीती तो सुटी करून विकत होता. दोघांचा धंदा एकच. एक म्हणतो तू खरा आहेस म्हणून बाहेर हो. दुसरा म्हणतो खोटा हो म्हणजे आत घेतो. माझी तपासणी दोघांनाही करायची नव्हती.

मग मी फोन घेऊन बसलो. यादीतले नंबर एकेक लावले. एकानं सांगितलं, असल्या केसेस आम्ही घेत नाही. एकानं 'ट्रान्स' शब्द ऐकला आणि फोन ठेवला. एक फार गोड बोलला, या हो या, सगळं करून देऊ. सूत्रं वाचलीत का विचारलं तर म्हणाला, सूत्रं-बित्रं सोडा. त्याच्याकडं मी गेलो नाही. कारण जो माझ्यासाठी नियम सोडतो तो उद्या माझ्याविरुद्धही सोडेल.

शेवटचा एक भेटला. हवाईदलातनं निवृत्त झालेला म्हातारा डॉक्टर, गावापासनं चार तास लांब. फोनवर खरखरीत आवाज. म्हणाला, "ऑगस्ट बावीसचा कागद माझ्याकडं आहे. अशी केस मी अजून केलेली नाही. तुमचे सगळे रिपोर्ट घेऊन या. कागद दोघं मिळून वाचू."

अशी केस केलेली नाही, असं त्यानं सांगितलं. माझा जीव तिथंच भांड्यात पडला. ठाऊक नाही असं म्हणणारा डॉक्टर मला त्या वर्षात पहिल्यांदा भेटत होता.

गेलो. आई बरोबर होतीच. आत दार लावून घेतलं, खोलीत आम्ही दोघं. त्यानं विचारलं, "दहावीच्या मार्कशीटवर एक नाव, आधारवर दुसरं. मी हाक कुठल्या नावानं मारू?" मी सांगितलं. पुढचे दोन तास त्यानं त्याच नावानं हाक मारली. त्यात माया नव्हती, कौतुक नव्हतं. नाव होतं.

मग त्यानं तपासलं. हातानं. नळी लावली, पोट दाबलं, गुडघ्यावर हातोडी मारली, डोळे, कान, तोल. शर्ट वर करायच्या आधी विचारलं, का करतोय ते सांगितलं. खालचे कपडे काढायला लावले नाहीत. म्हणाला, "शस्त्रक्रिया झालेली नाही असा अहवाल आहे. मग मला तिथं बघण्यासारखं काही नाही." पुन्हा सांगतो. विमान चालवण्याशी ज्याचा संबंध नाही ते त्यानं बघितलं नाही. ज्याचा आहे ते एकही सोडलं नाही. झोप कशी लागते, घोरतोस का, सिगारेट ओढतोस का, इंजेक्शनच्या आदल्या दिवशी चिडचिड होते का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास, जिवावर उठावंसं कधी वाटलं होतं का. मी म्हणालो, सतराव्या वर्षी वाटलं होतं. त्यानं लिहिलं. मी घाबरलो. म्हणाला, "मानसोपचारवाल्यांच्या अहवालातही आहे. दोन्हीकडं एकच लिहिलंय, हे तुमच्या बाजूचं आहे."

मग जुना रक्ताचा रिपोर्ट काढला. ताऱ्याकडं बघून म्हणाला, "हा तारा छापखान्याचा आहे. तुमचा नाही." आणि नव्यानं रक्त काढायला लावलं, यावेळी पुरुषाच्या प्रमाणाशी ताडायला सांगून.

संध्याकाळी रिपोर्ट आला. मित्रांनो, गोष्ट इथं सरळ राहत नाही. पहिल्या डॉक्टरकडं गेल्यापासून सात-आठ महिने लोटले होते, आणि मधल्या काळात माझ्या हार्मोनच्या डॉक्टरनं डोस वाढवला होता. नव्या रिपोर्टात हिमॅटोक्रिट ५५ आलं. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, ते हे सांगतं. पुरुषाचंसुद्धा ५० च्या आसपास थांबायला हवं. टेस्टोस्टेरॉननं ते वाढतं. वाढलं की रक्त दाट होतं, गुठळीची भीती. गुठळी मेंदूत गेली की झटका. आणि माझ्या मागं एक दिवस दीडशे-दोनशे माणसं बसलेली असणार.

त्यानं रिपोर्ट माझ्यापुढं सरकवला. म्हणाला, "हा तारा मात्र तुमच्या रक्ताचा आहे. आज मी योग्य लिहू शकत नाही." मग कागदावर लिहून दिलं: हार्मोनच्या डॉक्टरकडनं डोस ठरवून घ्या, तीन महिन्यांनी रक्ताचे हे हे रिपोर्ट आणि त्यांचा अहवाल घेऊन अमुक तारखेला या. आणि एक वाक्य बोलला, "औषध बंद करायचं नाही. नीट घ्यायचं."

मी बाहेर आलो. आई उठून उभी राहिली. "काय झालं बाळा?"

"नापास झालो, आई."

"मग हसतोस काय?"

खरंच, मी हसत होतो. मामाच्या जमिनीवर आणखी तीन महिन्यांचं व्याज चढलं होतं आणि मी हसत होतो. कारण पहिल्या डॉक्टरनं मला नापास केलं ते मी कोण आहे म्हणून. याच्याकडं माझं रक्त नापास झालं. रक्त दुरुस्त करता येतं. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. दलालाच्या वाटेनं गेलो असतो तर ते ५५ मला दिसलंच नसतं. कॉलम कोरा, खिशात मेडिकल आणि अंगात गुठळी. मी मेलो असतो, दुसऱ्यांना घेऊन मेलो असतो, आणि पेपरात आलं असतं की बघा, यांना विमानात बसवू नका म्हणत होतो.

तीन महिन्यांनी गेलो. हिमॅटोक्रिट ४८. त्यानं योग्य लिहिलं, सोबत दोन पानी टिपण जोडलं, कुठल्या सूत्राखाली कुठला कागद हे आकड्यानिशी. दिल्लीला उलट प्रश्न विचारायला जागा ठेवली नाही. क्लास टू आलं. शिकाऊ लायसन्स आलं. पहिल्यांदा एकट्यानं विमान उचललं त्या दिवशी मी अण्णांना फोन केला. अण्णा म्हणाले, "वजन बरोबर होतं का?" लोडरचा प्रश्न! मी म्हटलं, बरोबर होतं अण्णा, मी एकटाच होतो.

पुढच्या महिन्यात क्लास वन. तिथं एक डॉक्टर नाही, विभागाविभागाला डॉक्टर. फॉर्मवरच्या स्त्री-पुरुष रकान्यावरनं कुणाकडं पाठवायचं ते ठरतं. काय होईल ते आज सांगता येत नाही. म्हणून माझा सत्कार करू नका. गोष्ट अजून अर्ध्यात आहे.

आता कामाचं बोलतो. इथं बसलेल्यांपैकी कुणी वैमानिक होईल न होईल, पण पोलीस भरती, रेल्वे, बंदर, खाण, कुठंही मेडिकल आहेच, आणि तिथं आपल्यातलं कुणी ट्रान्स पोरगं किंवा पोरगी जाणारच. त्यांना सांगा.

जवळचा डॉक्टर निवडू नका, विचारून निवडा. फोनवर चार प्रश्न. एक, आमच्यासाठी जो नियम आहे तो तुम्ही वाचलाय का? दोन, कुठले कागद आणू? तीन, तपासताना खोलीत कोण कोण असेल? चार, अयोग्य लिहिलंत तर कारण आणि पुढची तारीख लिहून द्याल का? चारही उत्तरं सरळ आली तर जा. 'सोडाल का' हा प्रश्न कधी विचारू नका. ज्या क्षणी आपण तो विचारतो त्या क्षणी आपण हक्काची वस्तू भीक म्हणून मागतो, आणि भीक घालणारा हात कधीही मागं घेता येतो.

कागद आधी गोळा करा, तपासणीला नंतर जा. हार्मोनच्या डॉक्टरचा अहवाल डोस-तारखांसकट. मानसोपचाराचा अहवाल. लॅबला आधीच सांगा, कुठल्या प्रमाणाशी ताडायचं. नावं वेगळी असतील तर नावबदलाचे सगळे पुरावे एका पिशवीत. तपासणीला कुणीतरी बरोबर न्या. आई नसेल तर आपल्यातलं कुणीतरी जा. बाहेरच्या बाकावर माणूस बसलेलं असलं की आतला माणूस जरा सांभाळून बोलतो.

आणि औषध लपवू नका. हे मी साधुसंतासारखं सांगत नाही. लपवणं हा त्यांना हवा असलेला सौदा आहे म्हणून सांगतो.

पण एवढं सांगून मी खाली बसलो तर माझं भाषण म्हणजे शहाण्या डॉक्टरची जाहिरात होईल. म्हणून शेवटचं. तो म्हातारा डॉक्टर चांगला माणूस आहे. त्याचे माझ्यावर उपकार आहेत का? मी खूप विचार केला. नाहीत. त्यानं नियमात लिहिलेलं काम केलं आणि त्याची फी घेतली. ते काम मला उपकारासारखं वाटलं, यातच आपली किती नासाडी झालीय ते दिसतं. तो सत्तरीच्या पुढं आहे. उद्या त्यानं दवाखाना बंद केला तर माझ्यामागनं येणाऱ्या पोरानं काय करायचं? पुन्हा चाळीस फोन? १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की आपलं लिंग कोणतं ते सांगायचा अधिकार त्या माणसाचा. २०१९ साली केंद्रानं कायदा केला, नोकरीत आणि दवाखान्यात भेदभाव नको असं त्यात लिहिलं. २०२२ चा कागद त्यानंतर. इतकं सगळं लिहून झाल्यावरही आमचं भवितव्य चांगल्या माणसाची गाठ पडण्यावर अवलंबून असेल, तर तो हक्क नाही. ती लॉटरी आहे.

म्हणून मागणी साधी आहे. यादीतल्या प्रत्येक डॉक्टरला २०२२ ची सूत्रं शिकवा. अयोग्य लिहिणाऱ्यानं कुठल्या कलमाखाली लिहिलं ते लिहिलंच पाहिजे. खोलीत तिसरा माणूस आमच्या संमतीशिवाय नको. आणि ट्रान्स असणं हे डोकं तपासायचं कारण म्हणून धरणं बंद करा. डोकं तपासायचं तर सगळ्यांचं सारखं तपासा.

ही मागणी पुरी व्हायला किती वर्षं लागतील ठाऊक नाही. तोवर आपण एक करू शकतो. मी एक वही आणलीय. दोनशे पानी, साधी. तिच्यात मी कुठल्या डॉक्टरनं काय विचारलं, कुठला कागद मागितला, किती दिवस लागले, ते तारखेसकट लिहिलंय. दलालाचं बोलणंही लिहिलंय. पहिली अकरा पानं भरलीत. वही इथं टेबलावर ठेवतो. ज्याला कुठल्याही मेडिकलचा अनुभव असेल त्यानं त्यात लिहावं. नाव नाही टाकलं तरी चालेल. क्लास वनला काय झालं ते पुढच्या महिन्यात बाराव्या पानावर मी लिहीन, पास झालो तरी आणि नापास झालो तरी.

एवढंच बोलतो. पेन कुणाकडं आहे?